फोटो परत पाठवावा

पडद्याचे दोन भाग.
डावीकडे घर: रामबाग, दुसरा मजला,
सासऱ्यांच्या स्टुडिओची एकवीसशे पाकिटं,
स्कॅन करून फोल्डरांत निजवलेली.
उजवीकडे सर्व्हर. तो असतो कुठं
ते खालच्या मजल्यावरच्या यज्ञेश दुबेलाही ठाऊक नाही.
"आंटी, इधर से पकड़ो, उधर छोड़ दो," म्हणतो तो
आणि कोचिंगला पळतो.

पकडते. सोडते.
हिरवी पट्टी मुंगीच्या पायांनी सरकते.

पहिल्या रात्री शंभर गेली.
सकाळी बघते तर उजवीकडे
नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं,
जितकी अक्षरं तितके प्रश्न.
सासऱ्यांनी पेन्सिलीनं लिहिलेली,
मी चष्मा पुसून पुसून टाइप केलेली माणसं:
मुळ्यांचे जुळे, सहा महिने, एक रडतोय.
मिलमधले हळबे, उभे. कोट आपला.
कु. कमळ पिंगळे, मॅट्रिक. घाईचं.

यज्ञेश म्हणाला, इंग्लिश में डाल दो नाम.
घातलं. कमळची कमल झाली,
म्हणजे कुणीही झाली, पुरुषसुद्धा.
तशी या गावाला ळ ची सवय नाही.
रेशनकार्डावर आम्ही टोले,
वीजबिलावर तोले,
टोळे फक्त दुकानाच्या पाटीवर,
आणि ती पाटी दुकानाबरोबर उतरली.
मी म्हटलं, नाही बाबा, दुसरं काही बघ.
मग त्यानं कुठलीशी खूण बदलली, युनिकोड की काय,
आणि पलीकडे ळ उमटला,
दोन्ही डोळे उघडे, शाबूत.

तेव्हापासून एक दिवसाआड,
नर्मदेच्या नळाखाली बादली लावून बसते.
कळायला वेळ लागला:
इथून पाठवलेलं इथून जात नाही.
मला हे पटेचना.
या घरातून जे गेलं ते गेलं,
नणंद नाशिकला, हे हॉस्पिटलात,
एन्लार्जर भंगारवाल्याच्या हातगाडीवर.
हे कसलं जाणं,
की मागे पाट रिकामा राहत नाही?

कमळ पिंगळे तीनदा अडकली.
पट्टी चाळिसापर्यंत जाते, थबकते,
लाल होते, फाइल पुन्हा रांगेत.
पाकिटाच्या पाठीवर नोंद होती:
प्रती तीन. देवास, धार, महू.
देवासहून परत.
धारहून परत, कोपरा दुमडलेला.
महूपुढे काहीच नाही.
तेव्हा पत्राची शेवटची ओळ ठरलेली असे,
पसंत नसल्यास फोटो परत पाठवावा.

स्टुलावर बसलीय ती, मागे रंगवलेलं तळं,
तळ्यात सासऱ्यांनीच काढलेला जाडजूड हंस.
हात पदराखाली. बहुधा बोटांना शाई असेल.
बघतेय कॅमेऱ्याकडे नाही, जरा बाजूला,
तिथं आमच्या स्टुडिओत घड्याळ होतं.

चौथ्यांदा ओढली तिला.
व्होल्टेज धरून राहावं म्हणून फ्रिज बंद केला,
पंखाही.
नव्याण्णव. किती तरी वेळ नव्याण्णव.
मग खालच्या चौकटीत एक ओळ:
दोनशे सव्वीस, ट्रान्सफर पूर्ण.
दोन्हीकडचे आकडे जुळवून पाहिले, शेवटच्या बाइटपर्यंत.
तेवढीच होती ती.
कुणी काही वगळलं नव्हतं.

महूचं काय झालं ते तिकडूनही कळणार नाही.
बादली केव्हाची भरून वाहत होती.
नळ बंद करून आले,
पाकिटावरच्या 'घाईचं'खाली
पेन्सिलीनंच आजची तारीख घातली,
आणि पुढचं पाकीट घेतलं.
घोडा. पाठीवर सासऱ्यांचं बारीक अक्षर:
हलला नाही. मालकानं पैसे दिले नाहीत.